ठमाबाईचा कैलास

...आणि वर मलाच विचारतो, तुझ्यावर भरवसा कसा ठेवायचा म्हणून. मला. सख्ख्या बहिणीच्या पोराला. ज्याचं जावळ ह्याच्याच मांडीवर काढलं, त्याला हा माणूस म्हणतो, ‘तुजा कामच मना समजत नाय, भरवसा काय ठेवू?’ हा माणूस म्हणजे माझा मामा. बदलापूरची अख्खी खरवई त्याला आण्णा म्हणते म्हणून मीही आण्णाच म्हणत आलो, मामा म्हणायचं कधी जमलंच नाही, आणि पुढं जे झालं ते बघता तिथंच माझं चुकलं की काय असं वाटायला लागलंय...

आता तुम्हाला सांगतो माझं काम काय ते, म्हणजे तुम्ही तरी तोच प्रश्न विचारणार नाही. मी कॉलेज सोडलं. का सोडलं ते राहू द्या, आईनं विचारून झालं, सोसायटीच्या सेक्रेटरीनं विचारून झालं, अंबरनाथ पूर्वेला स्टेशनबाहेर भाजीवाला बसतो, त्यानंसुद्धा कोथिंबीर निवडता निवडता विचारून घेतलं. सोडलं, आणि उल्हासनगरला कॅम्प पाचमध्ये एका सिंधी सेठकडं लागलो. सेठ जीन्स शिवून घेतो. मी त्या जीन्सचे फोटो काढतो, पुढून, मागून, शिवण जवळून, चेन जवळून, मग कमरेचं माप, कापड, रंग सगळं लिहून ऑनलाईन विकायला टाकतो. ऑर्डर आली की पॅक करायची, माल परत आला की सेठच्या शिव्या खायच्या, महिना भरला की पैसे घ्यायचे. सेठचं एकच तत्त्व, ‘काम दिखाओ, पैसा लो, दिमाग मत खाओ.’ इंटरनेटवर पैसे कमवायचा ह्याहून सरळ धंदा मी तरी बघितलेला नाही. ह्यात न समजण्यासारखं काय आहे?

पण आण्णा विचारतो, ‘कंपनीला गेट हाय का?’ नाही. ‘वॉचमन?’ नाही. ‘भोंगा?’ अहो आण्णा, दुकान आहे, मागं गाळा आहे, भोंगा कशाला वाजेल. ‘मंग तू कामाव गेलास का झोपलास, ते लोकांना कलायचा कसा?’ म्हणजे बघा, काम केलं की नाही हा प्रश्नच नाही. लोकांना कळलं पाहिजे. ह्यानं स्वतः आयुष्यात एकदाही भोंग्यावर काम केलेलं नाही. ह्यानं जमीन विकली. बिल्डरनं त्या जमिनीवर सात मजले उभे केले आणि आण्णा त्यांच्या खाली प्लास्टिकच्या खुर्चीवर बसला. तेव्हापासून बसलाय. जमिनीचे पैसे बैलांच्या शर्यतीत गेले, गळ्यातल्या चेनीत गेले, थोरल्या पोराच्या हळदीत डीजेच्या भिंतीवर गेले, आणि जे राहिले त्याची एक एफडी मामीनं मरायच्या आधी भांडून वेगळी ठेवायला लावली. तेजलच्या शिक्षणासाठी. तेजल म्हणजे माझी मामेबहीण, त्या घरात जन्माला आलेली एकुलती एक शहाणी वस्तू. तिला फिजिओथेरपीला सीट लागली होती. फी भरायची तेवढी बाकी होती. एवढं लक्षात ठेवा, बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

आता आण्णाला गेट कशाला लागतं? कारण गेट नसेल तर माणूस तपासावा लागतो. आणि माणूस तपासायची आण्णाची पद्धत खास आहे. समोर कोणीही येऊ दे, भाडेकरू, इलेक्ट्रिशियन, पोरीचं स्थळ घेऊन आलेला, आण्णा दोनच गोष्टी विचारतो. ‘कनचा रं तू? कोनाचा?’ आणि समोरच्यानं तोंड उघडायच्या आत उत्तरही आण्णाच देऊन टाकतो. परवाचीच गोष्ट, सिलेंडरवाला आला, बिचारा जळगावकडचा. ‘कनचा रं? कोनाचा? थांब, नाक बग, तू नेवालीच्या हरिचंद्राच्या घरातला.’ तो म्हणाला, हो. तो काय म्हणणार, तिसऱ्या मजल्यावर सिलेंडर चढवायचा होता त्याला. त्या दिवसापासून तो हरिचंद्राच्या घरातला आहे, लग्नाची पत्रिका जाते त्याला. आणि आण्णा मांडीवर थाप मारून सांगतो, ‘मी मानूस वलखतंव.’

खरंच आहे. आण्णा माणूस ओळखतो.

तर ह्या आण्णाला थोरल्या पोरानं नवा फोन घेऊन दिला आणि स्वतः नाशिकला नोकरीला पळाला, शहाणाच तो. फोनवर मेसेज आला, घर बैठे कमाइए, मैं कैलाश, एचआर मॅनेजर. असले मेसेज मला दिवसाला सतरा येतात. मी उडवतो. तुम्ही उडवता. आण्णानं व्हॉइस नोट पाठवली, ‘कनचा रं तू?’

तिकडून उत्तर, ‘सर, मैं एचआर से.’

‘यच्चार कुठं आला? नेवालीच्या म्होरं?’

हसू नका, माझा सख्खा मामा आहे तो.

काम काय होतं, तर हॉटेलांना स्टार द्यायचे. कुठल्या कुठल्या परदेशातल्या हॉटेलाचा फोटो येणार, आण्णानं पाच चांदण्या दाबायच्या, की पैसे. एवढंच. पण आण्णा तो आण्णा, त्यानं पहिल्याच हॉटेलाला एक चांदणी दिली. समुद्रकिनारा, काचेचा महाल, निळा तलाव, आणि आण्णा म्हणतो, ‘आपन जेवलो नाय तिथं, पाच कशे देनार?’ दुसऱ्याला दोन दिल्या, पार्किंगला जागा बरी दिसली म्हणून. तो कैलास तिकडून रडकुंडीला. ‘सर प्लीज, फाइव्ह स्टार.’ ‘अरे पन मटन कसा हाय ते म्हाईत नाय.’ ‘सर प्लीज.’ तुम्हाला खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मला त्या चोराची दया आली. आणि मला वाटलं, चला, सुटला आण्णा. इतक्या मठ्ठ माणसाला कोणी फसवू शकत नाही. मठ्ठपणाचं एक संरक्षण असतं, गेंड्याच्या कातडीसारखं...

नसतं. कारण तिसऱ्या दिवशी आण्णानं उत्तर शोधून काढलं. ‘कैलास... सोनिवलीचा का तू? ठमाबाईचा पोऱ्या?’

टायपिंग... थांबलं. टायपिंग... थांबलं. मग एकच शब्द आला. ‘जी.’

आता ही ठमाबाई कोण, ते सांगितल्याशिवाय पुढं जाता येत नाही. ठमाबाई आण्णाची चुलत बहीण. सोनिवलीला दिलेली. तिचा नवरा गोमा, तो कामासाठी गुजरातकडं गेला, मागून ही गेली, जाताना कडेवर एक पोर. त्या पोराचं नाव आण्णाच्या मते कैलास आणि माझ्या आईच्या मते विलास. गेली ती गेली. कोणी चिठ्ठी नाही, कोणी फोन नाही. आणि खरं सांगायचं तर कोणी शोधलीही नाही, कारण जमीन विकायची वेळ आली तेव्हा सातबाऱ्यावर तिचं नाव होतं, आणि हिस्सा मागायला येणारी बहीण सापडण्यापेक्षा न सापडलेली सगळ्यांना परवडते.

पण अंगठा तर पाहिजे. मग आमच्या थोर वडीलधाऱ्यांनी काय केलं? शेजारची बनूबाई उभी केली. तिला नवं लुगडं नेसवलं, डोक्यावर पदर ओढला आणि रजिस्ट्रारसमोर ठमाबाई म्हणून बसवली. साहेबानं विचारलं, नवऱ्याचं नाव? आता बनूबाई जुन्या वळणाची, नवऱ्याचं नाव सरळ कशी घेईल? लाजली आणि उखाणा घातला. ‘वालाच्या शेंगा भरल्या सुपात, बाळारामाचं नाव घेतंय सायबाच्या पुढ्यात.’ बाळाराम म्हणजे तिचा स्वतःचा नवरा. साहेब म्हणाला, बाई, इथं तर गोमा लिहिलंय. बनूबाई म्हणाली, ‘यो लाडाचा नाव हाय.’ सगळे हसले, साहेबही हसला, अंगठा लागला, पेढे वाटले. ही गोष्ट आमच्याकडं प्रत्येक हळदीत सांगतात. विनोद म्हणून. बायका पोट धरून हसतात. माझी आई सुनेत्रासुद्धा हसते, जिनं स्वतःचा हिस्सा एका साडीवर आणि मिक्सरवर सोडून दिला, आणि तो मिक्सरही पहिल्याच चटणीला जळला.

म्हणून तर. म्हणून तर त्या ‘जी’वर आण्णाचा चेहरा पांढरा झाला. तेजल सांगते, त्यानं फोन खाली ठेवला, तोंड धुतलं, परत आला आणि विचारलं, ‘आयस कशी हाय?’

टायपिंग. ‘बीमार है.’

झालं. आण्णा रडला. बैल मेला तेव्हा रडला होता, त्यानंतर आत्ता. रडला आणि एक लांबलचक व्हॉइस नोट पाठवली, बाला, आमचं चुकलं, तुज्या आयशीच्या जागी आमी बनूबाई बसवली, तिचा अंगठा लावला, तुज्या आयशीचा आमी खाल्ला, मना माफ कर. सगळं. नावागावासकट, गट नंबरासकट. कोणाला? झारखंडात नाहीतर कुठं तरी खाटेवर पडून सतरा आण्णांशी एकाच वेळी बोलणाऱ्या एका पोराला. त्या पोराला एक शब्द कळला नसेल. पण आवाज कळला. म्हातारा रडतोय हे कुठल्याही भाषेत कळतं. त्यानं लिहिलं, ‘मामाजी, जो हुआ सो हुआ. आप बस आज का टास्क पूरा कर दीजिए.’

मामाजी म्हटलं हो त्यानं. माझ्या तोंडून जे कधी निघालं नाही ते त्या चोरानं लिहून दाखवलं. आणि आण्णानं सगळ्या हॉटेलांना पाच-पाच चांदण्या दिल्या. न जेवता.

मग नेहमीचंच. आधी थोडे पैसे परत आले. आण्णा इमारतभर दाखवत फिरला, ‘भाच्यानं धाडले.’ मग भाचा म्हणाला, मामाजी, अब आप पैसा डालिए, डबल होगा. मी गेलो, समोर बसलो, सांगितलं, आण्णा, हे फ्रॉड आहे. जगात एक नियम आहे, काम देणारा पैसे देतो, घेत नाही. मला सेठनं कधी म्हटलंय का, आधी तू भर, मग मी पगार देतो? आण्णा म्हणाला, ‘तू जलतोस. सोता कालेज सोरलास, भोंगा नसलेल्या ठिकानी चड्ड्यांचे फोटू काढतोस, आन माजा भाचा मॅनेजर झाला ते तुना बगवत नाय.’ माझा भाचा. माझ्या तोंडावर. मी काय सोसायटीचा वॉचमन म्हणून बसलो होतो का समोर?

तरी मी एक प्रयत्न केला. फोन हातात घेतला, म्हटलं एकच प्रश्न विचारतो, जमलं तर मी तुमच्या पायाशी. व्हॉइस नोट दाबली, ‘कैलासभाई, आपकी माँ का नाम क्या है?’ आणि बटण सोडायच्या आत मागून आण्णा खेकसला, ‘अरे ठमाबाई ना त्याच्या आयशीचा नाव, यवढा पन म्हाईत नाय तुना?’

गेलं रेकॉर्ड होऊन. उत्तर आलं, ‘ठमाबाई.’

आण्णानं माझ्याकडं असं बघितलं, असं बघितलं... शर्यत जिंकलेला बैलसुद्धा इतक्या माजानं बघत नाही. ‘मी मानूस वलखतंव,’ म्हणाला.

मग एके सकाळी गडी बँकेत गेला आणि एफडी मोडली. तीच, मामीची. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, काका, कशासाठी मोडताय? म्हणाला, ‘भाच्याला द्याचेत. दोन दिसांत डबल येतील, मंग पोरीची फी भरतंव आन वर तिला गाडी घेतंव.’ पुढचं तिनं ऐकलं नसेल, भाच्याला म्हटल्यावर ती काय बोलणार? आपल्याकडं मामानं भाच्याला नाही म्हणायचंच नसतं. मला म्हणतो ते वेगळं.

पैसे धाडले, आणि जेवणाच्या वेळेपर्यंत फोनवरून कैलासचा फोटो गेला. मग हॉटेलं यायची तो ग्रुप गेला. तेजलचा मला फोन आला तेव्हा मी जीन्सला स्टीम मारत होतो. ती रडत नव्हती. फक्त म्हणाली, ‘दादा, आण्णा मघापासून फोनमध्ये हाका मारताहेत. कैलास, कैलास, अशा. तू ये.’ मी सेठची स्कूटर उचलली आणि बदलापूर गाठलं. बघतो तर आण्णा खरंच खुर्चीवर बसून फोन तोंडापाशी धरून हाका मारतोय, चुकलेल्या गाईला मारतात तशा.

आता नीट ऐका. असे पैसे गेले की एक हेल्पलाइन असते सरकारची. लगेच फोन केला तर समोरचं खातं गोठवता येतं, पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत. लगेच म्हणजे लगेच. मी हे वाचलेलं होतं, कारण चड्ड्यांचे फोटो काढणारे लोक वाचतात कधीकधी. मी नंबर लावला, स्पीकरवर टाकला. एका बाईनं उचलला, नीट मराठीत बोलली, ‘तक्रारदाराचं नाव सांगा. आणि समोरच्याशी झालेलं सगळं बोलणं मोबाइलमध्ये तसंच ठेवा, चॅट, व्हॉइस नोट, काहीही डिलीट करू नका, पोलिसांना लागेल.’

आण्णानं हात लांब केला आणि लाल बटण दाबलं.

मला वाटलं चुकून दाबलं. परत लावायला गेलो तर त्यानं फोन ओढून घेतला, खुर्चीवर ठेवला आणि त्यावर बसला. तुम्हाला सांगतो, मी आयुष्यात पुष्कळ म्हातारे बघितलेत, पण ज्या फोनवरून पोरीची फी वाचू शकते त्या फोनवर ढुंगण टेकून बसलेला म्हातारा पहिल्यांदा बघितला. तेजल समोर उभी राहिली. ‘आण्णा, उठा. मी बोलते. तुम्ही फक्त हो म्हणा.’ नाही. ‘आण्णा, माझी सीट जाईल.’ नाही. मग हळू आवाजात म्हणाला, ‘त्यात बनूबाईचा हाय ना सगला. माज्याच आवाजात. पोलिसांनी आयकला तर मना धरतील, भावकीला धरतील, बिल्डरला धरतील.’

म्हणजे कळलं का? चोरावर तक्रार करायची तर पुरावा दाखवायला लागणार, आणि पुराव्यात चोराचं एक वाक्य, बाकी सगळी आण्णाची चोरी. मी ओरडलो, हो, ओरडलो, मोठ्यांसमोर आवाज चढवू नये वगैरे मला कोणी शिकवू नका. म्हटलं, तुम्ही खोटी ठमाबाई बसवली, खोट्या ठमाबाईच्या खोट्या पोरानं तुम्हाला लुटलं, आणि फी कोणाची गेली, तर ज्या पोरीनं ह्यातल्या कशावर अंगठा लावलेला नाही तिची. उठा. आण्णा नाही उठला. इमारतीतले लोक गोळा झाले. बनूबाई काठी टेकत आली, सगळं ऐकून घेतलं आणि तिला एकच काळजी, ‘आन मंग माज्या लुगड्याचा काय? ता पन परत द्याचा का?’

बसला तो, चहाची वेळ उलटून गेली तरी बसला. उठला तेव्हा पैसे कुठल्या कुठं पोचले असतील. आणि उठताना काय म्हणाला माहीत आहे? चेहरा एकदम मोकळा, ताप उतरल्यासारखा. ‘तिचा व्हता. तिच्या पोराकडं गेला. फिटला.’

मी म्हटलं, तो तिचा पोरगा नाही, आण्णा.

‘तू पायलास? नाय ना? मंग.’

बघा, काय सोय असते म्हातारपणाची. चोर म्हटलं तर आण्णा मूर्ख ठरतो. भाचा म्हटलं तर दानशूर. त्यानं दानशूर निवडलं. आता खरवईत सांगतो, बहिणीचा वाटा पोचता केला मी, इमानदारीनं. लोक माना डोलावतात. माझ्या आईनं विचारलं, ‘मग माझा रे?’ तर म्हणाला, ‘तुजा पोऱ्या कधी प्रेमानं मागायला आला का?’ चूक माझीच. मी मामाजी म्हणायला हवं होतं. तेही हिंदीत.

आण्णा माणूस ओळखतो. फक्त तो समोर असला की नाही ओळखत.

तेजलची सीट गेली. पुढच्या वर्षी बघू म्हणतात सगळे, पुढच्या वर्षी काय बघणार ते कोणी सांगत नाही. मी सेठशी बोललो. सेठ म्हणाला, ‘बहन है? ले आ, काम दिखाए, पैसा ले.’ म्हणून तेजल आता माझ्याबरोबर कॅम्प पाचला येते. हाडं, सांधे, कंबर शिकायला निघालेली पोरगी, कमरेचीच मापं घेते, टेप लावून, जीन्सची. चांगलं काम करते. पगार बाजूला ठेवते, मला दाखवत नाही, तिच्या बापाला तर नाहीच नाही.

आणि मग परवा आण्णा स्वतः आला. रिक्षा करून, पांढरे कपडे घालून, चेन बाहेर काढून. पोरगी कुठं जाते ते बघायला. बाप आहे शेवटी, बघायलाच पाहिजे, आत्ता नाही तर कधी बघणार. गाळा बघितला, मशिनी बघितल्या, भोंगा कुठं दिसतो का बघितलं. सेठला विचारलं, ‘कनचा रं तू?’ सेठ म्हणाला, ‘कॅम्प पाँच का, साईं, और कहाँ का.’ आण्णाला पटलं. लगेच पटलं. चहा प्यायला सेठबरोबर.

मग माझ्याकडं वळला. म्हणाला, ‘पोरगी तुज्या भरवशाव सोरतंव. तुज्या आधारकार्डाची झेरॉक्स दे.’

मी म्हटलं, आण्णा, माझं?

म्हणाला, ‘मंग कोनाचा? दिवस बेकार आलेत बाला. कोनाव इस्वास ठेवायची सोय नाय.’

शेजारीच झेरॉक्सचं दुकान आहे. गेलो. काढली. दोन्ही बाजू. खाली सहीसुद्धा केली, त्यानं मागायच्या आत. आण्णानं कागद लांब धरला, फोटोकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, परत फोटोकडं बघितलं, आणि घडी करून खिशात घालता घालता म्हणाला,

‘वाटत नाय.’